वाळत घातलेलं प्रदर्शन

कलेची सेवा वगैरे करायचं चष्मेवाल्यांच्या मनात कधीच नव्हतं. त्यांना फक्त स्वतःचं कपाट उघडायचं होतं.

कपाटासमोर आक्काची गाठोडी होती. पलंगाखाली गाठोडी होती, जेवणाच्या टेबलाखाली होती, आणि एक लठ्ठ गाठोडं न्हाणीघराच्या दारामागे असं बसलं होतं की आत शिरताना त्याची परवानगी मागावी लागे. आक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. चित्रकार. निदान नातेवाइकांत तसं सांगायची पद्धत होती, कारण ती नेमकं काय करते हे समजावायला घेतलं की ऐकणाऱ्याचा चहा निवायचा. शहरातल्या मोठ्या आर्ट गॅलरीत तिचं प्रदर्शन लागायचं होतं. कित्येक वर्षांचं काम टेम्पोत घालून ती आली, आणि टेम्पो गॅलरीच्या दारात उभा राहिला तेव्हा पहारेकरी त्याच दाराला कुलूप घालत होता. साथ आली होती. गाड्या बंद, दुकानं बंद, माणसं घरात. टेम्पोवाल्याने विचारलं, "बाई, आता हे कुठे टाकू?" आक्काने धाकट्या बहिणीचा पत्ता दिला. टेम्पोवाल्याने 'टाकू' हा शब्द तंतोतंत पाळला.

चष्मेवाल्यांचं दुकान त्याच दिवशी बंद झालं. लोकांना नीट दिसावं म्हणून ज्याने उभी हयात घालवली, तो माणूस आता दोन खोल्यांत बसून गाठोड्यांकडे बघत होता.

"यात आहे तरी काय?" एके दिवशी त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"चादरी," बायको म्हणाली.

"कसल्या?"

"अंथरुणाच्या. वापरलेल्या."

चष्मेवाले दोन पावलं मागे सरकले. मागेही गाठोडंच होतं.

आक्काचं काम असं होतं. एखादं माणूस झोपून उठलं की ती त्याला म्हणायची, "चादरीला हात लावू नका." मग त्या चादरीवर रात्रभरात पडलेल्या चुण्या ती खडूने आखून घ्यायची, आणि प्रत्येक चुणीवर निळ्या दोऱ्याने बारीक धावदोरा घालायची. एकेका चादरीला महिने जात. बस चालवणाऱ्याची चादर होती, रात्रपाळीच्या नर्सची होती, नव्या जोडप्याची होती, परीक्षेला बसलेल्या मुलीची होती. परीक्षेवालीच्या चादरीवर इतकी शिवण होती की त्यात कापड शोधावं लागे.

चष्मेवाल्यांनी एक चादर उलगडून, चष्मा वर-खाली करून, नीट निरखली. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांशी व्यवहार केलेल्या माणसाने मत दिलं, "इस्त्री केली नाही वाटतं."

आक्का हसली. वाईट वाटलेलं माणूस जसं हसतं तसंच. त्यानंतर ती दुपारभर खिडकीशी बसून राहिली. दोन दिवस तिने सुई हातात घेतली नाही. बायको स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त जोरात ठेवू लागली. संसारी माणसाला भांड्यांची भाषा कळते. चष्मेवाल्यांनी जाहीर करून टाकलं, "आक्का, तुमचं प्रदर्शन मी भरवतो." गाठोडी सुटतील, भिंतींना लागतील, कपाट मोकळं होईल, असा यात थोडा स्वार्थही होता. पण मोठ्या कार्यांच्या मुळाशी नेहमी थोडं कपाट असतंच.

पहिला प्रयत्न फोनवरून झाला. त्या दिवसांत लग्नं फोनवर लागत होती, बारशी फोनवर होत होती, मग प्रदर्शनाने काय घोडं मारलं होतं? चादरी भिंतींवर लावल्या, सगळ्या नातेवाइकांना आणि आक्काच्या ओळखीच्या एका समीक्षकांना निमंत्रणं गेली. कॅमेरा कोण धरणार हा प्रश्नच नव्हता. "भिंग म्हणजे काय, हे या घरात मला विचारा," चष्मेवाले म्हणाले.

पाहुणे एकेक करून चौकटीत उगवले. पहिला बराच वेळ "आवाज येतोय का" यात गेला. येतोय म्हणून सांगितल्यावर "आता दिसत नाही" सुरू झालं. पांढऱ्या भिंतीवर पांढरी चादर फोनमध्ये दिसेनाच. बायकोच्या मावशीने आपुलकीने विचारलं, "भिंतीचा रंग छान आहे गं, कुठून आणला?" आक्का मात्र शांतपणे एकेका माणसाची झोप समजावून सांगत होती. कार्यक्रम संपल्यावर समीक्षकांचा फोन आला. ते भारावले होते. "विशेषतः उत्तरार्धातला तो लालसर अंधार! मधूनच धडधडल्यासारखा! फार अस्वस्थ करतो हो."

आक्काला कळेना. बायकोला कळलं. तिने नवऱ्याच्या हातातला फोन घेतला, बघितला आणि म्हणाली, "अहो, तुमचा अंगठा होता भिंगावर. अर्धा तास."

चष्म्याच्या व्यवसायातल्या माणसाला यापेक्षा मोठा घाव घालता येत नाही. चष्मेवाले त्या दिवशी जेवले, पण न बोलता जेवले.

दुसरी कल्पना त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना सुचली. त्यांच्या इमारतीसमोर हुबेहूब तशीच दुसरी इमारत होती, मध्ये अरुंद चौक. बांधणाऱ्याने एकच शहाणपण केलं होतं. प्रत्येक मजल्यावर या गॅलरीपासून समोरच्या खिडकीपर्यंत फिरत्या चाकाच्या कप्प्यांवरून दोरीचा वेढा घातला होता. कपडे चिमट्याने अडकवायचे, दोरी ओढायची, कपडे आपोआप उन्हात सरकतात. बायको त्यावर टॉवेल टाकत होती. टॉवेल डुलत डुलत समोरच्यांच्या खिडकीपर्यंत गेला, आणि चष्मेवाल्यांच्या तोंडातून फेसासकट शब्द बाहेर पडले, "माणसांनी हलायचं नाही. चित्रांनी हलायचं!"

"आधी चूळ भरा," बायको म्हणाली.

आक्काला कल्पना इतकी आवडली की तिने सुई पुन्हा हातात घेतली. "आर्ट गॅलरी बंद आहे ना? मग घरोघरच्या गॅलऱ्या आहेतच की," ती म्हणाली. झालं! आता माघार नव्हती.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी खालूनच तोंडावरचा मास्क सावरत सांगितलं, "हे पाहा, जमिनीवरचं सगळं माझ्याकडे. अधांतरी काही असेल तर पालिकेची परवानगी आणा." पालिकेचा फोन लागायला सकाळची दुपार झाली. लागला तेव्हा पलीकडचे गृहस्थ कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "प्रदर्शन? सगळी प्रदर्शनं बंद आहेत."

"पण गर्दी होणार नाही. लोक आपापल्या गॅलरीत उभे राहतील."

"मग ते प्रदर्शन कसं? प्रदर्शनाला लोक यायला हवेत. कुणी येणारच नसेल तर बंद काय करायचं?" गृहस्थांना स्वतःलाच पेच पडला असावा. मग त्यांनी विचारलं, "टांगणार काय?"

"चादरी."

"धुतलेल्या?"

"हो."

"दोरीवर?"

"हो."

"अहो, मग सकाळपासून फोन अडवून का बसलात? चादरी वाळत घालायला परवानगी लागत नाही. चिमटे मात्र चांगले लावा, वारा सुटतो हल्ली."

कित्येक वर्षांच्या साधनेला सरकार वाळत घातलेलं धुणं म्हणतं, हे आक्काला कोणत्या तोंडाने सांगायचं? चष्मेवाल्यांनी अडखळत सांगितलं. आक्का हसता हसता खालीच बसली. "इतकं नेमकं तर अजून एकाही समीक्षकाला लिहिता आलं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. चष्मेवाल्यांना पहिल्यांदाच वाटलं, ही बाई साधी नाही.

मग सल्ले सुरू झाले. सल्ल्याला साथीची बंधनं लागू नव्हती. वरच्या मजल्यावरच्या गायन शिक्षिका म्हणाल्या, सोबत सूर हवेत. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, चादरींना क्रमांक हवेत, नाहीतर पोचपावती कशी कळणार? आणि समोरच्या इमारतीतून, बरोबर चष्मेवाल्यांसमोरच्या खिडकीतून, हरकतकाकांनी हरकत घेतली. त्यांचं खरं नाव दोन्ही इमारती विसरल्या होत्या. पाण्याच्या टाकीपासून वाढदिवसाच्या फुग्यांपर्यंत त्यांनी प्रत्येक गोष्टीला रीतसर हरकत घेतली होती. "परक्यांच्या अंथरुणाच्या चादरी माझ्या खिडकीसमोर? साथीच्या दिवसांत? माझ्या मजल्याच्या दोरीवर एक चिंधीसुद्धा चालणार नाही!" एवढं ओरडून ते खोकले. दोन्ही इमारतींतल्या खिडक्या एकदम लागल्या.

तो खोकला साधा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने गॅलरीतून सांगितलं, बाबांना लागण झाली आहे, त्याच खोलीत वेगळं ठेवलं आहे, जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवते. ज्या माणसाला लोक रोज शिव्या देत होते, त्याची चौकशी आता रोज होऊ लागली. त्यांची खिडकी मिटलेलीच असे.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. इतर मजल्यांवरून चादरी निघाल्या आणि, खरं सांगायचं तर, दृश्य मोठं देखणं होतं. बस ड्रायव्हरची झोप पोस्टमास्तरांपुढून गेली. नर्सची झोप गायन शिक्षिकांपाशी थांबली. आक्का गॅलरीतून खणखणीत आवाजात सांगत होती, लोक प्रश्न विचारत होते, चहाचे कप हातात होते. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी नव्या जोडप्याची चादर दोरीवरून उतरवून घेतली आणि बऱ्याच वेळाने परत अडकवली. "इस्त्री मारली हो जराशी!" त्यांनी खुलासा केला. "पण काही केल्या चुण्या जाईचनात!" चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. आक्का म्हणाली, "जाऊ नयेत म्हणूनच शिवल्यात, वहिनी." वहिनी विचारात पडल्या आणि बराच वेळ त्या चादरीकडे बघत राहिल्या.

आता इथे थांबायला हवं होतं. पण यश मिळालेला मध्यमवर्गीय माणूस कधी थांबला आहे? सगळ्यांत मोठी चादर अजून गाठोड्यातच होती, आणि मोकळी होती ती फक्त त्यांच्याच तिसऱ्या मजल्याची दोरी. चष्मेवाल्यांनी हिशेब केला, निम्म्यापर्यंतच न्यायची, म्हणजे हरकतकाकांच्या बाजूला जाणारच नाही. त्यांनी दोरी ओढली. तेवढ्यात वारा सुटला. पालिकेच्या गृहस्थांनी बजावलेलाच तो वारा असावा. चादर शिडासारखी फुगली, भरधाव पलीकडे गेली, हरकतकाकांच्या खिडकीसमोर पोचली, आणि पलीकडच्या कप्पीतून दोरी निसटून कचकन अडकली.

इकडून ओढावी तर येईना. पलीकडची कप्पी सोडवायची तर हरकतकाकांच्या खोलीत जायला हवं, आणि तिथे तर कुणालाच जाता येत नव्हतं.

"जाऊ दे, सुटेल कधीतरी," चष्मेवाले म्हणाले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. चादरीच्या कडेला बारीक विणलेली झालर होती, तिकडे ती बघत होती.

"आक्का," ती म्हणाली, "ही आईची आहे?"

आक्काने मान हलवली. "शेवटच्या सकाळची. तुला सांगणार होते. धीर झाला नाही."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची शेवटची चादर आता परक्याच्या खिडकीसमोर वाऱ्यात फडफडत होती, आणि एकेक चिमटा सुटण्याच्या बेतात होता. चष्मेवाल्यांनी झाडू आणला. झाडूला गजाचा हूक बांधला. गॅलरीच्या कठड्यावर पोट टेकलं. बायकोने त्यांच्या पायजम्याचा कंबरपट्टा दोन्ही हातांनी धरला. दोन्ही इमारतींतून मार्गदर्शन सुरू झालं. "डावीकडे!" "अहो, तुमची नव्हे, माझी डावी!" "अग्निशमन दलाला फोन करा!" "हलू नका, फोटो काढते!" पोस्टमास्तरांनी आक्काला गंभीरपणे विचारलं, "हे प्रदर्शनातलंच आहे का?"

चष्मेवाल्यांनी आणखी थोडं अंग पुढे टाकलं. झाडू हूकसकट खाली गेला, आणि त्यामागोमाग त्यांच्या नाकावरचा चष्मा. चौकातून सेक्रेटरींचा आवाज आला, "कुणी हात लावू नका! मी फवारणी करतो!"

चष्मेवाल्यांचा स्वतःचा नंबर इतका दांडगा होता की धंद्याच्या दृष्टीने ते तो कुणाला सांगत नसत. चष्म्याशिवाय त्यांना माणूस आणि खांब यात फरक कळायचा नाही. ते तसेच कठड्यावर लोंबकळत, हताशपणे समोर बघत राहिले.

चष्म्यातून आतापर्यंत त्यांना फक्त रेषा दिसल्या होत्या. आता एकही रेषा दिसत नव्हती. बारीक निळे टाके एकमेकांत विरघळून त्यांची सावली झाली होती, आणि चुण्या नव्हत्या तेवढीच जागा त्या सावलीत उजळ राहिली होती. त्या जागेला खांदा होता. गुडघे पोटाशी घेतले होते. एक हात गालाखाली होता. सासूबाई कुशीवर झोपल्या होत्या.

"अहो, काय झालं? चक्कर येतेय का?" मागून बायको.

"नाही," ते म्हणाले. "मला आत घे. आणि तुझा चष्मा काढ."

तिने चष्मा काढला. चादरीकडे बघितलं. मग कठड्याला घट्ट धरून उभी राहिली. आक्काने तिच्या पाठीवर हात ठेवला. चष्मेवाल्यांना प्रथमच कळलं की आक्का इतकी वर्षं काय करत होती. ज्या ठिकाणी माणूस आता नाही, त्या ठिकाणाभोवती ती एकेक टाका घालत होती. आणि आपण त्याला 'इस्त्री केली नाही' म्हणालो.

ते कठड्याशी परत आले आणि त्यांनी दुकानातल्या आवाजात पुकारा केला. "सगळ्यांनी चष्मे काढा!"

समोरच्या गॅलऱ्यांतले बहुतेक चष्मे त्यांच्याच दुकानातले होते, त्यामुळे हुकूम मानला गेला. "पोस्टमास्तर, तुमचा जवळचा आहे! तुम्ही काढू नका, लावा!" कोणाचे डोळे कसे आहेत हे त्यांना तोंडपाठ होतं. "वहिनी, तुम्हाला नंबर नाही, तुम्ही पापण्या अर्ध्या मिटा! गाण्याच्या बाई, तुम्ही एकच डोळा मिटा, डावा!" दोन्ही इमारती आपापला चष्मा काढत, घालत, डोळे बारीक करत चादरींकडे बघू लागल्या. मग एका गॅलरीतून "अगं बाई" आलं. दुसरीकडून कप खाली ठेवल्याचा आवाज आला. गायन शिक्षिका नर्सच्या चादरीकडे बघून म्हणाल्या, "बूट घालूनच झोपलीय हो ही." आक्का वळून त्यांच्याकडे बघत राहिली. "चार वर्षांत हे कुणाला दिसलं नव्हतं," ती म्हणाली.

तेवढ्यात चष्मेवाल्यांचा फोन वाजला. हरकतकाका. आवाज चिरका, दम लागलेला.

"काका, माफ करा, कप्पी अडकली. कशीही करून काढतो—"

"काढू नका." मध्ये मोठा श्वास. "मी पडदा सारलाय. पडल्या पडल्या दिसते. चष्मा कुठे लावतो मी पडून? मला वाटलं, तापात भास होतोय." परत श्वास. "खोलीत कुणी येत नाही हो. ही बाई निवांत झोपलीय, तिच्याकडे बघून मलाही जरा डोळा लागला. राहू द्या तिला."

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली. हरकतकाकांच्या सुनेने तेवढ्यापुरतं स्वतःला नखशिखांत गुंडाळून घेतलं, आतून काठीने चादरीची दोन टोकं ओढली आणि खिडकीच्या गजांना पक्की बांधली. आणि सासूबाई, ज्यांनी हयातीत शेजाऱ्याच्या घरी कधी रात्र काढली नव्हती, हरकतकाकांचा ताप उतरेपर्यंत त्यांच्या खिडकीशी मुक्कामाला राहिल्या.

ताप उतरला. एका सकाळी ती खिडकी सताड उघडली आणि निम्मे झालेले हरकतकाका दिसले. त्यांनी कप्पी सोडवली, दोरी बसवली. मग आत गेले आणि आपल्या पलंगावरची चादर चारी कोपरे जपत, गादीसकट उभी करून सुनेच्या मदतीने खिडकीत धरली. "आक्काबाई!" ते ओरडले. "इथून दिसतेय का? हिला हात लावलेला नाही मी!"

आक्काने चष्मेवाल्यांच्या दुकानातली दुर्बीण मागवली होती. ती डोळ्याला लावून ती कोऱ्या चादरीवर खडूने रेषा आखू लागली. हरकतकाका उभे राहून दमले की बसत, पुन्हा उभे राहत. "मधली मोठी चुणी घ्या बरं का," ते बजावत होते, "त्या रात्री मी वाचणार नव्हतो."

पुढे आर्ट गॅलरी उघडली, प्रदर्शन तिथेही लागलं. पहारेकरी लोकांना आत सोडताना सांगे, चष्मे काढून बघा. समीक्षकांनी लांबलचक लिहिलं, पण लालसर अंधार नसल्याची त्यांना चुटपुट लागली. चष्मेवाले ते कात्रण वाचून पहिल्यांदाच मनापासून हसले. आक्का गावी परतली. कपाट मोकळं झालं. घर एकदम फार मोठं वाटू लागलं.

अशाच एका सकाळी बायको नेहमीप्रमाणे अंथरूण झटकायला आली, तर चष्मेवाले चष्मा हातात धरून पलंगाशी उभे.

"सरका, आवरू द्या."

"थांब, हात लावू नकोस," ते म्हणाले. "ही एवढी ऐसपैस, पलंगभर जागा दिसतेय, ही तुझी ना? म्हणजे मी रात्रभर कडेला लोंबकळत असतो."

बायकोने आपला चष्मा काढला आणि त्यांच्या शेजारी उभी राहून नीट बघितलं.

"ती तुमची," ती म्हणाली. "भिंतीशी तो वीतभर पांढरा तुकडा आहे ना, तिथे मी असते."

चष्मेवाल्यांनी भिंतीशी बघितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दोन कप चहा केला, आणि चहा निवेपर्यंत दोघंही पलंगापाशी उभी राहिली.